खराब व्हिडिओ फाइल्समुळे इमेज ब्राउझरमधली थंबनेल्स अडकतात, उपाय हवा आहे

चित्रसाठा:

नमस्कार. फोटो आणि व्हिडिओ एकत्र असलेलं मोठं फोल्डर इमेज ब्राउझरमध्ये उघडलं की थंबनेल्स (फाइलची छोटी पूर्वचित्रं) बनण्याचं काम मध्येच थांबतं. अडते ती दर वेळी व्हिडिओ फाइलच, आणि तीही खराब झालेली. लक्षणं चार प्रकारची दिसतात:

१. काही एमपी४ फाइल्सना थंबनेल येतच नाही. टर्मिनलवर ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ असा संदेश येतो.
२. काहींचं थंबनेल पूर्ण हिरवं किंवा राखाडी येतं. तोच व्हिडिओ प्लेअरमध्ये बऱ्यापैकी नीट चालतो.
३. काही एव्हीआय फाइल्सवर प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो तो खाली येतच नाही, आणि पुढची सगळी थंबनेल्स रांगेत ताटकळतात.
४. क्वचित एखाद्या फाइलवर ब्राउझरच बंद पडतो.

सिस्टिम लिनक्स आहे, थंबनेलसाठी एफएफएमपेगथंबनेलर हा प्रोग्राम वापरला जातो. या फाइल्स डिलीट करता येणार नाहीत, कारण त्यातलं बरंचसं चित्रण दुसरीकडे कुठेही नाही. हवं आहे ते असं: एका फाइलमुळे बाकीची थंबनेल्स अडू नयेत, खराब फाइल कोणती ते कळावं आणि मूळ फाइलला धक्का लागू नये. स्क्रिप्ट लिहायची तयारी आहे.

---

बाइटवाचक:

ही चार वेगळी दुखणी आहेत, एका पर्यायानं चारही जाणार नाहीत. कुठलीही फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) डीकोड करण्याआधी, म्हणजे दाबून साठवलेल्या डेटातून उलगडण्याआधी, फाइलची वरवरची तपासणी करा. तिला काही मिलिसेकंद लागतात आणि बऱ्याचशा खराब फाइल्स तिथेच बाजूला निघतात.

पहिल्यांदा फाइलची साइज बघा. शून्य बाइटची असेल तर पुढे जायचंच नाही. मग पहिले १६ बाइट वाचा. एमपी४ किंवा एमओव्ही असेल तर पहिले चार बाइट सोडून पुढच्या चारांत बहुतेक वेळा ‘एफटीवायपी’ ही अक्षरं असतात. एमकेव्हीची सुरुवात १ए ४५ डीएफ ए३ या चार बाइट्सनी होते. एव्हीआयच्या सुरुवातीला ‘आरआयएफएफ’ असतं आणि आठ बाइट सोडून ‘एव्हीआय’. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (डेटा छोट्या पॅकेट्समध्ये ठेवणारं स्वरूप) असेल तर दर १८८ बाइट्सनी ४७ हा हेक्स बाइट यायलाच हवा. कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइल्समध्ये हे अंतर १९२ असतं, कारण प्रत्येक पॅकेटच्या आधी ४ बाइट जास्त असतात. सगळे बाइट शून्य दिसले तर ती फाइल कॉपी होताना वीज गेलेली किंवा कार्ड मध्येच काढलेलं असण्याची शक्यता मोठी. नाव आणि साइज बरोबर, आत काही नाही. एक्सटेन्शनवर भरवसा ठेवू नका.

एमपी४साठी याच्या एक पायरी पुढे जाता येतं. ही फाइल एकामागोमाग एक ठेवलेल्या बॉक्सेसची बनलेली असते. प्रत्येक बॉक्सच्या सुरुवातीला ४ बाइट साइज आणि ४ बाइट नाव. साइज १ लिहिलेली असेल तर खरी साइज पुढच्या ८ बाइट्समध्ये असते. साइज ० असेल तर तो बॉक्स फाइलच्या शेवटापर्यंत. म्हणजे आठ बाइट वाचायचे, साइजएवढी उडी मारायची, परत आठ बाइट वाचायचे. चार जीबीची फाइलही अशी पाच-सहा उड्यांत तपासून होते. तीन गोष्टी नोंदवा: ‘मूव्ह’ सापडला का, ‘एमडॅट’ सापडला का, आणि एखादी उडी फाइलच्या शेवटाच्या पलीकडे जाते का.

‘मूव्ह’ म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. कुठली फ्रेम कुठल्या बाइटवर, किती लांबीची, कोणत्या कोडेकची (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीची), हे सगळं त्यात असतं. बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्डिंग संपल्यावर, फाइलच्या शेवटी लिहितात. बॅटरी मध्येच संपली तर ‘एमडॅट’मध्ये चित्रण असतं पण ‘मूव्ह’ लिहिलेलाच नसतो. अशा फाइलमधून थंबनेलरला काहीही मिळणार नाही, कितीही वेळ दिला तरी. तुमचं पहिलं लक्षण हेच. या फाइल्स डीकोडरकडे पाठवूच नका, ‘अनुक्रमणिका नाही’ अशी नोंद करून पुढे जा. फक्त एक खबरदारी: ‘मूव्ह’ नाही पण ‘मूफ’ नावाचे बॉक्स आहेत असं दिसलं, तर तो तुकड्यातुकड्यांचा एमपी४ आहे आणि त्याचा सुरुवातीचा भाग हरवला आहे. तो वेगळा प्रकार, त्याची नोंद वेगळी ठेवा.

‘मूव्ह’ पुढे असलेली फाइल अर्धवट कॉपी झाली तर चित्र वेगळं असतं. तिथे अनुक्रमणिका पूर्ण, मजकूर अर्धा. फाइल स्वतःची लांबी पूर्ण सांगते, फाइलची माहिती सांगणारा एफएफप्रोबही बहुधा ती तशीच दाखवतो. समजा ‘एमडॅट’ म्हणतो माझी साइज ४ जीबी आणि डिस्कवर फाइल आहे ९०० एमबी. म्हणजे साधारण पहिले २२ टक्के हातात आहेत. जे थंबनेलर एकूण लांबीच्या एक तृतीयांशावर किंवा मध्यावर फ्रेम शोधतात ते इथे रिकाम्या हातानं परततात. १० टक्क्यांवर शोधणाऱ्याला चित्र मिळतं. एफएफएमपेगथंबनेलरची जागा ‘-टी’ या पर्यायानं ठरवता येते, टक्क्यांत किंवा तास-मिनिट-सेकंदांत. ठरवून दिली नाही तर तो १० टक्के घेतो. स्क्रिप्ट लिहिणारच आहात तर सांगितलेली साइज आणि खरी साइज यांचं गुणोत्तर काढा आणि शोधण्याची जागा त्याच्या आतच ठेवा.

एव्हीआयचा प्रकार तिसरा. त्याची अनुक्रमणिका, ‘आयडीएक्स१’, फाइलच्या शेवटी असते. ती तुटलेली किंवा चुकीची असली की ‘१० टक्क्यांवर जा’ या एका सूचनेपायी वाचणारा प्रोग्राम फाइलभर धावत सुटू शकतो. प्रोसेसर १०० टक्के, उत्तर काही नाही. अशा फाइलमध्ये उडी मारायचीच नाही. सुरुवातीपासून वाचून पहिली मिळेल ती कीफ्रेम (दुसऱ्या फ्रेमच्या आधाराशिवाय उलगडणारी पूर्ण फ्रेम) घ्यायची. एफएफएमपेगला (व्हिडिओ हाताळणारा टर्मिनलवरचा प्रोग्राम) ‘-एफफ्लॅग्ज’मध्ये ‘इग्नआयडीएक्स’ दिलं की तो अनुक्रमणिका बाजूला ठेवतो.

एमकेव्ही यात सर्वांत सोशिक. त्याचा डेटा छोट्या क्लस्टर्समध्ये असतो आणि प्रत्येक क्लस्टरवर स्वतःची वेळ असते, त्यामुळे शेवट गायब असला तरी सुरुवात वाचता येते. मात्र मध्येच थांबलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एकूण लांबी लिहिलेली नसते, आणि माहीत नसलेल्या लांबीचे १० टक्के काढता येत नाहीत. लांबी मिळाली नाही तर सरळ ५ सेकंदांवर जा.

---

वेगळी_प्रोसेस:

वरची तपासणी करून घ्याच, पण तिच्यातून सुटलेल्या फाइल्सही डीकोडरला अडकवू शकतात किंवा पाडू शकतात. म्हणून मुख्य नियम एकच: थंबनेलचं डीकोडिंग ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये होता कामा नये. गीकीसारखे काही ब्राउझर एफएफएमपेगथंबनेलर लायब्ररी म्हणून स्वतःच्याच आत वापरतात. तिथे डीकोडर पडला की ब्राउझर पडला. तुमचं चौथं लक्षण बहुधा यातूनच येतंय. यावर उपाय म्हणजे थंबनेल्स आधीच बाहेरून बनवून सामाईक कॅशमध्ये (तयार थंबनेल्स साठवण्याच्या फोल्डरात) ठेवायची आणि ब्राउझरला तीच वापरायला सांगायची. गीकीच्या सेटिंगमध्ये इतर प्रोग्राम्सबरोबरची सामाईक कॅश वापरण्याचा पर्याय आहे. खराब ठरलेल्या फाइल्सना थंबनेल मिळणार नाही आणि ब्राउझर त्यांना परत हात लावेल, म्हणून त्या वेगळ्या सबफोल्डरात हलवा किंवा फाइल फिल्टरमधून ते व्हिडिओ एक्सटेन्शन तात्पुरतं काढा.

बाहेरून बनवताना एफएफएमपेगला हे पर्याय द्या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातले बरेचसे इनपुटचे आहेत आणि ते इनपुट फाइल सांगणाऱ्या ‘-आय’च्या आधीच यायला हवेत.

‘-नोएसटीडीइन’ सगळ्यात आधी. स्क्रिप्टमध्ये फाइलनावांची यादी ओळीओळीनं वाचत असाल तर एफएफएमपेग त्याच इनपुटमधली अक्षरं खातो. मग अर्ध्या फाइल्सची नावं पहिली काही अक्षरं गाळून येतात आणि ‘फाइल सापडली नाही’ म्हणून तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

‘-थ्रेड्स १’. थंबनेलसाठी एक थ्रेड पुरतो. जास्त थ्रेड्स म्हणजे प्रत्येकासाठी वेगळ्या फ्रेम्स मेमरीत.

‘-स्किप_फ्रेम नोकी’. फक्त कीफ्रेम्स डीकोड होतात, मधल्या सोडून दिल्या जातात.

‘-मॅक्स_पिक्सेल्स’ला ४ कोटी. ८के फ्रेम ७६८० गुणिले ४३२०, म्हणजे सुमारे ३ कोटी ३२ लाख पिक्सेल, तेव्हा खऱ्या व्हिडिओला ही मर्यादा आड येत नाही. हेडर बिघडून रुंदी आणि उंची दोन्ही १६३८४ वाचली गेली तर मात्र साध्या ४:२:० स्वरूपातली (दर पिक्सेलला दीड बाइट) एकच फ्रेम ३८४ एमबी खाते. एच.२६४ या कोडेकमध्ये संदर्भासाठी १६ फ्रेम्सपर्यंत धरून ठेवता येतात. हिशेब ६ जीबीवर जातो.

‘-एसएस’ (कुठल्या वेळेवर उडी मारायची ते) नेहमी ‘-आय’च्या आधी. नंतर लिहिलं तर सुरुवातीपासून तिथपर्यंतचं सगळं डीकोड करून फेकून दिलं जातं. आधी लिहिलं तरी एफएफएमपेग जवळच्या मागच्या कीफ्रेमवर उतरून अचूक जागेपर्यंत डीकोड करत येतो. एच.२६४ व्हिडिओ बनवणाऱ्या एक्स२६४च्या मूळ सेटिंगमध्ये दोन कीफ्रेम्समध्ये २५० फ्रेम्सपर्यंत अंतर असू शकतं, म्हणजे २५ फ्रेम्सच्या वेगाला १० सेकंद. थंबनेलला एवढी अचूकता कशाला? ‘-नोॲक्युरेट_सीक’ द्या, तो कीफ्रेमच देईल.

‘-आय’नंतर ऑडिओ आणि सबटायटल बंद करा, एकच फ्रेम मागा आणि ती २५६ गुणिले २५६ च्या चौकटीत बसेल अशी लहान करा, मूळ प्रमाण राखून. फक्त रुंदी २५६ दिली तर उभ्या व्हिडिओंची थंबनेल्स चौकटीबाहेर जातात. फाइलच्या नावापुढे ‘फाइल:’ लावा, नाहीतर नावात कोलन असला की तो त्याला प्रोटोकॉल समजतो.

ही सगळी आज्ञा ‘टाइमआउट’मध्ये गुंडाळा: ८ सेकंदांनी थांबण्याची विनंती, आणखी २ सेकंदांनी जबरदस्तीनं बंद (‘-के २ ८’). त्याच्याबाहेर मेमरीची मर्यादा. ‘पीआरलिमिट’नं पत्त्यांची जागा दीड-दोन जीबीवर बांधता येते. ‘सिस्टिमडी-रन’ वापरून मेमरी-मॅक्स लावली तर प्रत्यक्ष वापरलेली मेमरी मोजली जाते, ते जास्त बरं.

मग एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) वाचा. १२४ म्हणजे वेळ संपली. १३७ म्हणजे जबरदस्तीनं मारावं लागलं, मेमरी मर्यादेनं मारलं तरी हाच येतो. १३९ म्हणजे डीकोडर सेगफॉल्ट होऊन (मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लावून) पडला, १३४ म्हणजे त्यानं स्वतःच अबॉर्ट केलं. प्रत्येक फाइलच्या नोंदीत पूर्ण नाव, साइज, बदलाची वेळ, एक्झिट कोड आणि एररची शेवटची ओळ ठेवा. १३९ आलेली फाइल वेगळी काढून ठेवण्यासारखी असते. तुटलेली फाइल आणि मुद्दाम तशी बनवलेली फाइल यांतला फरक डीकोडरला कळत नाही. २०१५ साली अँड्रॉइडमधल्या स्टेजफ्राइट त्रुटी अशाच होत्या: एमपी४चे बॉक्स वाचताना पूर्णांक ओव्हरफ्लो, आणि मेसेजमधून आलेला व्हिडिओ कोणी उघडायच्या आधीच सिस्टिम तो वाचायची. थंबनेलरही कोणी न सांगता फाइल उघडतो. नोम डेस्कटॉपनं ३.२६ पासून थंबनेलर्सना बबलरॅप या साधनाच्या सँडबॉक्समध्ये (बाकी सिस्टिमपासून तोडलेल्या चौकटीत) टाकलं, ते याच भीतीनं. स्वतःच्या स्क्रिप्टमध्येही बबलरॅप लावा: नेटवर्क बंद, मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती, लिहायला एकच तात्पुरतं फोल्डर. ‘मूळ फाइलला धक्का नको’ ही तुमची अटही त्यात आपोआप पाळली जाते.

आणि एका वेळी दोनच कामं चालवा. एक अडकलं तर दुसरं पुढे सरकत राहतं.

---

चित्रसाठा:

दोघांचेही आभार. वरचे पर्याय लावले, ब्राउझर अडकणं थांबलं. आता दोन शंका आहेत. काही फाइल्सवर एक्झिट कोड ० येतो, एरर नाही, पण थंबनेलची फाइलच तयार होत नाही. आणि हिरवी-राखाडी थंबनेल्स अजून येतात, तीही कोड ० घेऊनच. यांना स्क्रिप्टमध्ये पकडायचं कसं?

---

कीफ्रेम:

पहिलीचं उत्तर सोपं आहे. ‘-एसएस’ची जागा खऱ्या डेटाच्या पलीकडे पडली की एफएफएमपेगला एकही फ्रेम मिळत नाही. तो ‘आउटपुट रिकामं आहे’ एवढी सूचना देऊन यशस्वी म्हणून बाहेर पडतो, आणि एररची पातळी कडक ठेवली असेल तर ती सूचनाही दिसत नाही. ‘-अबॉर्ट_ऑन एम्प्टी_आउटपुट’ दिलं की हाच प्रकार अपयश म्हणून मोजला जातो. जुन्या आवृत्तीवर भरवसा नसेल तर स्क्रिप्टमध्येच बघा: फाइल आहे का आणि ती शून्यापेक्षा मोठी आहे का. नसेल तर कमी जागेवर परत प्रयत्न: आधी १० टक्के, मग २ सेकंद, मग ‘-एसएस’ न देता पहिली कीफ्रेम. तीन प्रयत्नांना मिळून १०-१२ सेकंद द्या, प्रत्येकाला स्वतंत्र ८ देऊ नका. नाहीतर शंभर खराब फाइल्सचं फोल्डर ४० मिनिटं घेईल.

रंगांचं मात्र जरा समजून घेण्यासारखं आहे, कारण रंगावरून बिघाड कुठला ते ओळखता येतं.

व्हिडिओची फ्रेम लाल-हिरवा-निळा अशी साठवलेली नसते. एक उजेडाचा थर आणि दोन रंगांचे थर असतात. रंगांच्या थरांत १२८ म्हणजे ‘रंग नाही’. फ्रेमची मेमरी शून्यांनी भरलेली राहिली आणि डीकोडरनं त्यात काही लिहिलंच नाही, तर उजेड ०, रंग ० आणि ०. हे पडद्यावरच्या रंगांत बदललं की लाल आणि निळा शून्याखाली जाऊन कापले जातात आणि हिरवा १३५ च्या आसपास उरतो. तोच तो गडद हिरवा. म्हणजे हिरवं थंबनेल = इथे डीकोड झालेलंच नाही.

राखाडीची गोष्ट वेगळी. एच.२६४ किंवा एच.२६५चा डीकोडर कीफ्रेम न मिळता मधूनच सुरू झाला, की पुढच्या फ्रेम्सना ज्या आधीच्या फ्रेमचा आधार हवा ती त्याच्याकडे नसते. ती जागा तो मधल्या राखाडी रंगानं भरतो आणि त्यावर फक्त हलणाऱ्या गोष्टींचे बदल काढतो. राखाडी पार्श्वभूमीवर माणसांच्या कडा सरकताना दिसतात ते यामुळे. इथे डेटा बहुधा ठीक असतो, जागा चुकलेली असते. पुढची कीफ्रेम घेतली की स्वच्छ चित्र मिळतं. प्लेअरमध्ये व्हिडिओ नीट चालतो आणि थंबनेल राखाडी येतं, याचं कारण हेच.

ओळखण्यासाठी थंबनेल ३२ गुणिले ३२ करा आणि उजेडाचं प्रमाण विचलन (मूल्यं सरासरीपासून किती पसरली आहेत ते) काढा. ० ते २५५ च्या मोजपट्टीवर ते ३ च्या खाली असेल तर चित्र सपाट आहे. मग सरासरी रंग बघा. लाल आणि निळा २० च्या खाली आणि हिरवा १२० ते १५० मध्ये असेल तर बिघडलेली फ्रेम समजा. तिन्ही रंग १२८ च्या आसपास असतील तर राखाडी. सगळे २० च्या खाली असतील तर काळी फ्रेम. ती खराब नव्हे, बरेच व्हिडिओ काळ्यातूनच सुरू होतात. या तिन्ही बाबतींत पुढची कीफ्रेम घ्यायची, पण ‘खराब’ अशी नोंद फक्त हिरव्याची करायची. राखाडीची ‘संशयित’ म्हणून पुरे.

अर्धवट बिघाडही पकडता येतो. फ्रेम वरून खाली, चौकोनाचौकोनांत (एच.२६४मध्ये १६ गुणिले १६ पिक्सेलच्या) डीकोड होते, त्यामुळे मध्येच डेटा तुटला की वरचा भाग सुंदर आणि खालचा ओघळलेला किंवा सपाट दिसतो. म्हणून खालच्या एक तृतीयांश भागाचं विचलन वेगळं काढा. वर ४० आणि खाली २ असेल आणि खालचा भाग काळा नसेल, तर फ्रेम तुटलेली. काळा वगळायचा तो सिनेमाच्या आडव्या पट्ट्यांसाठी.

एक सावधगिरी. सपाट फ्रेम टाळायला बरेच जण एफएफएमपेगचा ‘थंबनेल’ फिल्टर सुचवतात. तो १०० फ्रेम्स गोळा करून त्यातली सर्वांत प्रातिनिधिक निवडतो. त्या १०० फ्रेम्स तो मेमरीत धरून ठेवतो. ४के फ्रेम सुमारे १२.४ एमबीची, म्हणजे सव्वा जीबी गेली. शिवाय ‘नोकी’ लावलेलं असताना १०० कीफ्रेम्स म्हणजे कितीतरी मिनिटांचा व्हिडिओ वाचावा लागतो. वापरायचाच तर आकडा ५ करा आणि स्केल फिल्टर त्याच्या आधी लावा, नंतर नाही.

बिघडलेली पॅकेट्स टाकून देणाऱ्या ‘डिस्कार्डकरप्ट’ या पर्यायाबद्दलही विचाराल म्हणून सांगतो. ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये त्याचा उपयोग होतो, कारण तिथे प्रत्येक पॅकेटवर बिघाडाची खूण आणि चालू क्रमांक असतो. एमपी४मध्ये आतल्या डेटासाठी अशी खूणच नसते, त्यामुळे तिथे त्याच्यावर विसंबू नका.

---

नोंदवही:

खराब फाइल ओळखू यावी म्हणून लाल फुलीचं पीएनजी बनवून थंबनेल कॅशमध्येच टाकायचं, असं सुचतं खरं. करू नये. ती कॅश सगळ्या प्रोग्राम्सची सामाईक आहे, आणि तिथलं चित्र म्हणजे त्या फाइलचं खरं थंबनेल असं सगळे धरून चालतात. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचा डीकोडर ती फाइल वाचू शकत असेल तरी तो प्रयत्नच करणार नाही.

त्याची ठरलेली जागा वेगळी आहे. फ्रीडेस्कटॉपच्या नियमानुसार कॅशमधल्या थंबनेल्स फोल्डरात नॉर्मल (१२८ पिक्सेल), लार्ज (२५६), एक्स-लार्ज (५१२) आणि एक्सएक्स-लार्ज (१०२४) ही फोल्डर्स असतात आणि त्यांच्या शेजारी ‘फेल’. फेलच्या आत प्रत्येक प्रोग्रामचं स्वतःच्या नावाचं फोल्डर. त्यात फाइलच्या यूआरआयच्या (पूर्ण पत्त्याच्या) एमडी५ (त्यावरून काढलेला ठसा) नावाचं रिकामं पीएनजी ठेवायचं, आत मूळ यूआरआय आणि बदलाची वेळ लिहून. पुढच्या वेळी तोच प्रोग्राम ती नोंद बघतो, वेळ जुळली तर फाइल उघडतच नाही. दुसऱ्या प्रोग्रामला प्रयत्न करायची मोकळीक राहते.

इथेच नेहमीची एक गफलत होते. फाइल दुरुस्त केली, नाव तेच ठेवलं आणि बदलाची वेळही जुनी परत लावली, की फेलमधली नोंद लागूच राहते. फाइल ठणठणीत, थंबनेल नाही. एफएफएमपेगची आवृत्ती बदलल्यावरही तसंच: नवा डीकोडर वाचू शकेल अशी फाइल जुन्या नोंदीमुळे अडून राहते. दोन्ही वेळा फेल फोल्डर रिकामं करा. त्यात खरी थंबनेल्स नसतात, नुकसान काही नाही.

उलटी गफलत कॉपी चालू असताना होते. फाइल अर्धी आली असतानाच थंबनेलर धावतो आणि तिला नापास करतो. कॉपी संपल्यावर बदलाची वेळ पुढे सरकली तर नोंद आपोआप बाद होते, पण जुनी वेळ राखणाऱ्या कॉपीत तशी हमी नाही. फोल्डरवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट असेल तर ‘फाइल तयार झाली’ या घटनेवर काम सुरू करू नका, ‘लिहून बंद झाली’ या घटनेवर करा. बदलाची वेळ शेवटच्या १० सेकंदांतली असेल तर थांबा. ‘पार्ट’ आणि ‘सीआरडाउनलोड’ एक्सटेन्शनच्या फाइल्स सोडूनच द्या.

थंबनेल लिहिताना आधी त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावानं लिहा आणि मग नाव बदला, परवानगी ६०० ठेवा. नाहीतर अर्धं लिहिलेलं पीएनजी ब्राउझरच्या हाती लागेल.

---

डिस्कतपास:

सगळं ठीक, पण कोणी विचारलं नाही म्हणून विचारतो: डिस्क शाबूत आहे का? दुसरीकडे कुठेही नसलेलं चित्रण म्हणताय, तर हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधीचा आहे.

ओळख अशी. थंबनेलर अडकलेला असताना प्रोसेसची स्थिती बघा. ‘आर’ असेल आणि प्रोसेसर १०० टक्के असेल तर डीकोडर फिरतोय, फाइलचा दोष. ‘डी’ असेल आणि प्रोसेसर शून्याच्या आसपास असेल तर तो डिस्कच्या उत्तराची वाट बघतोय. या अवस्थेत टाइमआउटचा जबरदस्तीचा सिग्नलही लगेच लागू होत नाही, प्रोसेस तशीच लटकून राहते. त्याच वेळी ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांत) आय/ओ (वाचन-लेखनाच्या) एरर दिसल्या तर थंबनेल्सचा नाद लगेच सोडा. खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा वाचन म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी ताण, आणि थंबनेलर नेमकं तेच करतो: फोल्डर उघडलं की प्रत्येक वेळी त्याच जागा.

आधी खराब डिस्कवरचा डेटा उचलणाऱ्या डीडीरेस्क्यूनं दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, मॅपफाइलसह (कुठल्या जागा वाचल्या त्याची नोंद). पहिली फेरी ‘-एन’ लावून, म्हणजे तो कठीण जागा खरवडत बसत नाही, सहज मिळणारं सगळं आधी उचलतो. त्यानंतर त्याच मॅपफाइलवर ‘-आर३’ देऊन राहिलेल्या जागांवर तीन फेऱ्या. नव्या प्रतीत न वाचलेल्या जागा शून्यांनी भरलेल्या असतात. मग वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या त्या प्रतीवर करा.

दुरुस्तीचं थोडक्यात. ‘मूव्ह’ नसलेल्या फाइलसाठी अनट्रंक नावाचं साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच रिझोल्यूशनची आणि फ्रेमवेगाची एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. तिच्यावरून तो ‘एमडॅट’मधल्या फ्रेम्स ओळखतो आणि दुरुस्त प्रत वेगळी लिहितो. सेटिंग जुळलं नाही तर निकाल बिघडतो, ४के फाइलला १०८० ची फाइल देऊ नका. कार्ड अजून फॉरमॅट केलं नसेल तर ते त्याच कॅमेऱ्यात घालून चालू करून बघा. काही कॅमेरे अर्धवट राहिलेली शेवटची फाइल स्वतःच पूर्ण करतात. अनुक्रमणिका बिघडलेल्या एव्हीआयसाठी एवढं लागत नाही. एफएफएमपेगनं ‘-सी कॉपी’ लावून नव्या फाइलमध्ये उतरवली की नवी अनुक्रमणिका तयार होते, चित्राचा दर्जा तोच राहतो. दोन्हीत मूळ फाइल जागच्या जागी ठेवायची.

आणि फोल्डरात ‘टीएचएम’ एक्सटेन्शनच्या फाइल्स आहेत का बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांनी व्हिडिओसोबत ठेवलेलं ते साधं जेपेग असतं, बहुधा १६० गुणिले १२० चं. व्हिडिओ पूर्ण गेला असला तरी हे चित्र शाबूत असू शकतं. गोप्रोमध्ये त्याच्या जोडीला ‘एलआरव्ही’ ही कमी रिझोल्यूशनची एमपी४ही असते. फाइल साफ करताना लोक या दोन्ही निरुपयोगी म्हणून उडवतात. थंबनेल स्क्रिप्टमध्ये डीकोडिंगच्या आधी त्याच नावाची टीएचएम शोधा, असली तर मोठी करून तीच वापरा.

---

वेगळी_प्रोसेस:

टीएचएमचं लक्षात आलं नव्हतं, उत्तम सूचना. फक्त त्या चित्रावरून व्हिडिओ चांगला आहे असं धरू नका, नोंदवहीत दोन वेगळे रकाने ठेवा: थंबनेल कुठून आलं आणि फाइलची स्थिती काय. स्थिती खात्रीनं कळायची असेल तर पूर्ण व्हिडिओ डीकोड करून आउटपुट ‘नल’कडे पाठवायचं (म्हणजे कुठेच साठवायचं नाही) आणि फक्त एरर फाइलमध्ये लिहायच्या. हे काम तासन् तास चालतं, ते थंबनेलच्या रांगेत मिसळू नका, मशीन रिकामं असताना कमी प्राधान्यानं लावा. ‘-एक्सएरर’ दिलं तर पहिल्याच चुकीवर थांबतं, नुसती चांगली-वाईट अशी विभागणी हवी असेल तर तेवढं पुरतं.

विंडोजवर हेच फोल्डर उघडणाऱ्यांसाठी: तिथे थंबनेलचं काम बहुधा ‘कॉम सरोगेट’ या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, म्हणून एक्सप्लोरर सहसा पडत नाही. पण तुटलेली फाइल ती धरून ठेवते आणि फाइल हलवायला गेलं की ‘वापरात आहे’ असं उत्तर येतं. टास्क मॅनेजरमधून ती प्रोसेस बंद करा. परत तेच होत असेल तर फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये ‘नेहमी आयकॉन दाखवा, थंबनेल कधीच नको’ हे चालू करून फाइल हलवा आणि मग ते बंद करा.

---

चित्रसाठा:

प्रोसेसची स्थिती तपासली. एव्हीआयवर ‘आर’ आहे, ‘डीमेसेज’ स्वच्छ आहे, म्हणजे दोष फाइल्सचाच. तरी प्रत आधी घेतो आणि पुढचं सगळं प्रतीवर करतो. ‘-सी कॉपी’ केलेल्या एव्हीआयना लगेच थंबनेल आलं. टीएचएम फाइल्स एका सबफोल्डरात सापडल्या, नावं व्हिडिओंशी जुळताहेत. अनट्रंकसाठी त्याच सेटिंगची चांगली फाइल शोधतो आहे.